धास्ती आणि धसका

नोव्हेंबर २०१८मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात जमीन हलायला लागली आणि थांबेचना. धक्के बहुतेक लहान होते. धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांवर आधी जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि पाठोपाठ मांडणीवरची भांडी वाजायची. ऐन थंडीत माणसं अंगणात झोपू लागली. प्रशासनानं तंबू दिले, शाळा उघड्यावर भरू लागल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ भूकंपमापक घेऊन आले. एक मोठा धक्का आणि मागून लहान लहान, असा नेहमीचा क्रम इथं नव्हता. ही छोट्या धक्क्यांची लांबत जाणारी माळ होती. पुढच्या फेब्रुवारीत एक धक्का चार रिश्टरच्या पुढे गेला. भिंतींना तडे गेले, पण गावं उभी राहिली. तरी त्या हिवाळ्यात तिथल्या किती घरांत स्वस्थ झोप लागली असेल?

आता दुसरं गाव. ३० जुलै २०१४च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात एसटीचा एक चालक नेहमीच्या फेरीवर निघाला होता. माळीण गावापाशी आला, तर गाव दिसेना. जिथं घरं असायची तिथं चिखलाचा उतार होता. डोंगराचा कडा पावसात सुटून खाली आला होता आणि दीडशेहून जास्त माणसं त्याखाली गाडली गेली होती. दुर्घटनेची पहिली बातमी जगाला कळली ती या चालकामुळे. दरड त्याच्या अंगावर आलेली नव्हती, त्याला पळायचं नव्हतं की लपायचं नव्हतं. त्यानं फक्त पाहिलं. त्या क्षणी त्याच्या मनात काय झालं ते तोच जाणे, पण पालघरच्या अंगणात रात्र काढणाऱ्या माणसाच्या मनात जे चाललं होतं, ते नक्कीच नाही.

या दोन्हीला आपण भीतीच म्हणतो. डॉक्टरकडे गेलो, पोलिसांत गेलो, घरी आईला सांगितलं, तरी शब्द एकच: ‘घाबरलाय’. इंग्रजी साहित्यात मात्र टेरर आणि हॉरर अशी या दोघांची वाटणी दोनशे वर्षांपूर्वीच झाली. या लेखापुरतं पहिलीला धास्ती म्हणू आणि दुसऱ्याला धसका. धास्ती येणाऱ्या गोष्टीची असते, धसका पाहिलेल्या गोष्टीचा बसतो. हा फरक पंडितांनी चघळायचा विषय नाही, असं माझं ठाम मत आहे. दोघांचे शरीरावरचे परिणाम वेगळे आहेत, उतारा वेगळा आहे, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर अपाय होऊ शकतो.

ही वाटणी स्पष्टपणे मांडली ती ॲन रॅडक्लिफ या ब्रिटिश कादंबरीकार बाईंनी. १७६४ साली जन्मलेल्या रॅडक्लिफबाई पडके किल्ले, बंद दालनं आणि मध्यरात्रीचे आवाज यांच्या कादंबऱ्यांसाठी आपल्या काळात अफाट लोकप्रिय होत्या. त्यांचा या विषयावरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८२६ साली, ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये छापून आला. दोन प्रवाशांच्या गप्पांच्या रूपात लिहिलेल्या या निबंधात त्या म्हणतात की या दोन भावना एकमेकींच्या अगदी उलट आहेत. धास्तीनं माणसाचं मन फैलावतं, त्याच्या साऱ्या शक्ती जाग्या होतात. धसक्यानं मन आक्रसतं, गोठतं, जवळजवळ नाहीसं होतं. धास्तीला अंधुकपणा लागतो, हे त्यांना विचारवंत एडमंड बर्कच्या १७५७मधल्या ग्रंथात सापडलं होतं. जे नीट दिसत नाही, त्याला आपली कल्पना हवा तेवढा मोठा आकार देते.

त्यांच्या १७९४मधल्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ या कादंबरीत एका काळ्या पडद्याची गोष्ट आहे. नायिका किल्ल्यातल्या दालनात शिरते, भिंतीवरचा पडदा बाजूला करते आणि बेशुद्ध पडते. पडद्यामागे काय होतं ते लेखिका तेव्हा सांगतच नाही. वाचकाला शेकडो पानं थांबावं लागतं, आणि अगदी शेवटाकडे कळतं की तो मेणाचा पुतळा होता. पुतळा कळल्यावर अनेकांची निराशा होते. पण त्या शेकडो पानांत प्रत्येक वाचकानं आपापल्या मनातली सगळ्यात भयंकर गोष्ट त्या पडद्यामागे ठेवून पाहिलेली असते. दोनच वर्षांनी मॅथ्यू लुईस या तरुण लेखकानं ‘द मंक’ लिहिली आणि कुजलेली प्रेतं, तळघरं, अत्याचार सगळं उघड्यावर मांडलं. इंग्रजी भयकथेचे दोन रस्ते तिथून सुरू झाले.

आपल्याकडच्या भुतांच्या गोष्टी बहुतेक पहिल्या रस्त्यानं जाणाऱ्या आहेत. कोकणातल्या चकव्याला तर चेहराच नाही. ओळखीच्या वाटेवर माणूस रात्रभर गोल गोल फिरत राहतो, एवढंच. नदीच्या डोहात गिऱ्हा असतो, पण त्याचं वर्णन विचाराल तर दोन माणसं दोन गोष्टी सांगतील. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांची पकडही न सांगितलेल्यावर आहे. नारायण धारप दोन्ही रस्ते जाणत होते, पण त्यांच्याही गोष्टींत रात्री दिवा मालवू देत नाही ते पान बहुधा काही दिसण्याच्या आधीचं असतं.

रॅडक्लिफबाईंशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे. धास्तीनं मन फैलावतं, हे कादंबरी वाचताना खरं आहे. कादंबरी मिटता येते. ज्याला मिटता येत नाही, त्याचं काय होतं हे जिम कॉर्बेटनं लिहून ठेवलं आहे.

१९१८ ते १९२६ अशी आठ वर्षं गढवालमधल्या रुद्रप्रयागच्या परिसरात एका नरभक्षक बिबट्यानं, सरकारी नोंदीप्रमाणे, १२५ माणसं मारली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेचा रस्ता याच मुलखातून जातो. कॉर्बेटनं त्याला २ मे १९२६ रोजी मारलं आणि पुढे ती हकिगत पुस्तकरूपानं आली. त्या पुस्तकात धास्तीवर एक वेगळं प्रकरणच आहे. क्षुल्लक गोष्टींसाठी हा शब्द इतका वापरला जातो की खरी धास्ती म्हणजे काय ते सांगणं अवघड होतं, अशी त्याची तक्रार आहे. मग तो त्या मुलखातली संध्याकाळ दाखवतो. दिवसभर माणसं शेतात, बाजारात, रस्त्यावर नेहमीसारखी वावरत असतात. सूर्य कलला की पावलं भराभर पडू लागतात, दारं लागतात, कड्या चढतात, आणि सगळ्या मुलखावर चिडीचूप शांतता पसरते. यात्रेकरू धर्मशाळेत एकमेकांना चिकटून बसतात. बाहेर काही खुडबुडलं तरी दार उघडायची कुणाची छाती होत नाही. आठ वर्षं, रोज. अशा जगण्यात मन फैलावत नाही. ते झिजतं. सावध राहण्याची जी शक्ती काही मिनिटांसाठी मिळालेली असते, ती वर्षानुवर्षं जळत राहिली तर माणसाला आतून पोखरते.

त्याच पुस्तकातली दुसरी एक हकिगत धसक्याची आहे. दोन मित्र रात्री एका खोलीत बसून हुक्का ओढत होते. दार नीट लागलेलं नव्हतं. हुक्का एकाच्या हातून खाली पडला आणि निखारे विखुरले. दुसऱ्यानं, जपून, घोंगडी पेटेल, असं म्हणत ते गोळा करायला खाली वाकून पाहिलं, तेव्हा मावळत्या चंद्राच्या उजेडात दारातून त्याच्या मित्राला घेऊन जाणारा बिबट्या त्याला दिसला. आवाज नाही, झटापट नाही. तोपर्यंत तो माणूस घाबरलेलाही नव्हता. धास्तीचा टप्पाच आला नाही, एकदम धसका. बिबट्या गेल्यावर थोड्या वेळानं त्यानं सरपटत जाऊन घाईघाईनं दार लावलं, पण जे दिसायचं ते दिसून गेलं होतं.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, हा सगळा मामला रंगभूमीच्या अंगानं आला आहे, आणि तो वाचताना मी थक्क होतो. भयानक रसाची कारणं सांगताना तिथं ओसाड घर आहे, अरण्य आहे, कोल्ह्या-घुबडांचे आवाज आहेत. अभिनय कसा करावा? हातपाय कापतात, डोळे भिरभिरतात, अंगावर काटा येतो, तोंड उतरतं, आवाज फुटतो. बीभत्स रसाची यादी निराळी आहे. तिथं तोंड फिरवणं आहे, थुंकणं आहे, ओकारी आहे, आणि सगळ्यात आधी आहे ते सर्व अंग आखडून घेणं. धसक्यात माणूस आक्रसतो, ही रॅडक्लिफबाईंची गोष्ट इथं किमान दीड हजार वर्षं आधी नटाच्या शरीरातून सांगितलेली आहे. भयानकात नजर भिरभिरते, कारण धोका कुठून येईल ते शोधायचं असतं. बीभत्सात नजर वळते, कारण जे दिसलं ते पुन्हा पाहायचं नसतं.

आणखी एक सूत्र तिथं आहे, ते या विषयाच्या मुळाशी जातं. आठांपैकी चार रस मूळचे आणि चार त्यांच्यातून जन्मलेले, अशी भरताची मांडणी आहे. शृंगारातून हास्य, रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत. आणि बीभत्सातून भयानक. म्हणजे धसका आधी, त्यातून धास्ती. गोष्टींमध्ये आपल्याला उलटा क्रम सवयीचा असतो: आधी दाराची करकर, मग प्रेत. आयुष्यात मात्र बऱ्याचदा भरताचाच क्रम खरा ठरतो, आणि ते पुढे किल्लारीच्या भूकंपाच्या संदर्भात पाहूच.

आधी शरीराकडे. २००७ साली लंडनमध्ये डीन मॉब्ज आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाला पडद्यावर एक चक्रव्यूहाचा खेळ खेळायचा होता. मागे लागलेल्या शिकाऱ्यानं पकडलं तर हाताला खरोखरचा विजेचा झटका. शिकारी लांब असताना कपाळामागचा, विचार आणि आखणी करणारा भाग जास्त काम करत होता. शिकारी जवळ आला तशी ती हालचाल मागे सरकत मध्यमेंदूतल्या एका छोट्या, फार जुन्या भागाकडे गेली. हा भाग पळणं, झुंजणं, थिजणं यांचा कारभार पाहतो. भीती ही एकच कळ दाबल्यासारखी नसते, अंतराप्रमाणे मेंदूतली तिची जागाच बदलते. धोका लांब असतो तोवर आपण योजना करू शकतो, प्रश्न विचारू शकतो. धास्तीत अजून डोकं शाबूत असतं.

आणि त्या शाबूत डोक्याला सगळ्यात जास्त छळते ती अनिश्चितता. २०१६ साली लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ४५ स्वयंसेवकांना संगणकावरच्या खेळात दगड उचलायला लावले. दगडाखाली साप निघाला की हाताला दुखरा झटका. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नाही. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या दोन्ही तेच सांगत होत्या. बायॉप्सीचा रिपोर्ट यायचा आहे आणि प्रयोगशाळेतून ‘उद्या या’ म्हणून सांगितलंय, अशी रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना हे पटायला प्रयोगाची गरज नाही. वाईट निदान कळल्यावर ‘निदान कळलं तरी’ म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या सुटकेचा अर्थ इथं आहे.

धसक्याचं शरीर वेगळ्या वाटेनं जातं. सापाची, उंचीची, बंद लिफ्टची कमालीची भीती असलेल्या माणसाचं काळीज धडधडतं, रक्तदाब वाढतो, आणि म्हणून तो सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, जखम आणि इंजेक्शन यांच्या भीतीचं मात्र उलट आहे. नाडी क्षणभर वाढते आणि मग धाडकन उतरते, रक्तदाब कोसळतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. पहिल्या शवविच्छेदनाला उभा राहिलेला वैद्यकीय विद्यार्थी खाली कोसळतो तो भित्रा असतो म्हणून नाही. गाडी पळवणारी मज्जासंस्था मागे पडून ब्रेक लावणारीनं ताबा घेतलेला असतो. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी यावर १९८०च्या दशकात एक साधा उपाय रूढ केला: हातापायांचे आणि पोटाचे स्नायू काही सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम होऊ लागला की सैल सोडायचे, आणि पुन्हा. त्यानं रक्तदाब वर राहतो. एरवी घाबरलेल्या माणसाला आपण ‘अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे’ असं सांगतो. इथं तोच सल्ला चुकीचा ठरतो. रक्तदानाला जाताना चक्कर येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जखम किंवा रक्त पाहून येणारी भोवळ म्हणजे संपूर्ण धसका नव्हे. धसक्यात शिसारी असते, पण तेवढीच नसते. चार्ल्स डार्विननं १८७२च्या आपल्या पुस्तकात माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावमुद्रांचा अभ्यास केला, तेव्हा एक गोष्ट त्यानं नेमकी टिपली. एखादं मूल चिरडलं जाण्याच्या बेतात आहे असं पाहणाऱ्याला जे होतं, त्यात पाहणाऱ्याला स्वतःला काहीच धोका नसतो. कल्पनेनं आणि सहानुभूतीनं आपण त्या दुसऱ्याच्या जागी जातो आणि भीतीसारखंच काही भोगतो. माझ्या मते या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण हेच आहे. धास्ती बहुतेक वेळा स्वतःच्या जिवाची किंवा आपल्या माणसांच्या जिवाची असते. धसका अगदी परक्या माणसाच्या देहावर झालेल्या घावानंही बसतो. माणसाचं शरीर माणसासारखं उरलं नाही, हे डोळ्यांनी पाहणं एवढंच पुरेसं होतं.

म्हणूनच धसका बसलेल्या कितीतरी माणसांकडे कुणाचं लक्ष जात नाही. ‘तुला कुठं काय झालं?’ हा प्रश्न त्यांना घरचेच विचारतात. रुळांवरून देह उचलणारे हमाल आणि रेल्वे पोलीस, शवागारातले कर्मचारी, १०८ रुग्णवाहिकेचे डॉक्टर आणि चालक, माळीणच्या चिखलात दिवसचे दिवस खणत राहिलेले राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान. त्या चिखलातून एक आई आणि तिचं तान्हं बाळ जिवंत निघालं, तेव्हा सगळ्यांना हुरूप आला. बाकीचे दिवस फक्त देह निघत होते. या माणसांचं काम धोक्याचंही असतं, पण त्यांच्या झोपेत येतं ते धोक्याचं स्वप्न नसतं, पाहिलेलं दृश्य असतं.

वैद्यकशास्त्रानंही हे ओळखायला वेळ घेतला. आघातानंतरच्या मानसिक विकाराची अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची १९९४ची व्याख्या अशी होती की त्या प्रसंगी माणसाला तीव्र भीती, असहायता किंवा धसका जाणवलेला असला पाहिजे. २०१३च्या नव्या आवृत्तीत ही अट काढून टाकली. कारण अनेकांना, विशेषतः सैनिक आणि बचाव कर्मचाऱ्यांना, त्या वेळी काहीच जाणवत नाही. हात काम करत असतात. सगळं नंतर, घरी आल्यावर, जेवणाच्या ताटासमोर वर येतं. त्याच आवृत्तीत, कामाचा भाग म्हणून मानवी अवशेष गोळा करणं किंवा अत्याचारांचे तपशील पुन्हा पुन्हा हाताळणं हाही आघात असू शकतो, हे स्पष्टपणे लिहिलं गेलं.

किल्लारीत हे सगळं एकाच ठिकाणी घडलं. १९९२च्या उत्तरार्धात तिथं लहान लहान धक्के बसत होते, म्हणजे धास्ती येऊन गेली होती. मग ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं गाढ झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, असं सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. जे वाचले त्यांनी स्वतःच्या हातांनी घरच्यांना ढिगाऱ्यातून काढलं, आणि पावसात सामुदायिक चिता पेटल्या. हा धसका. त्यानंतरही लहान धक्के बसत राहिले, आणि दगडमातीच्या छपराखाली झोपायला माणसं तयार होईनात. शेतात पत्र्याच्या शेडमध्ये राहिलं तरी चालेल, पण माळवद नको. ज्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखलं, त्याच घराच्या भिंती रोज रात्री माणसाकडे बघू लागल्या. बीभत्सातून भयानक जन्मतो, तो असा.

पालघरची धास्ती आणि किल्लारीनंतरची धास्ती या बाहेरून सारख्या दिसतात. दोन्हीकडे माणसं अंगणात झोपलेली. पण किल्लारीच्या माणसाला काय होऊ शकतं याची कल्पना करावी लागत नव्हती. त्याच्याकडे ते चित्र होतं.

आता उताऱ्याचं. धास्तीला माहिती लागते आणि हाताला काम लागतं. पालघरमध्ये ‘काही होत नाही, घाबरू नका’ एवढं सांगून कुणी घरात गेलं नसतं. कोणती भिंत धोक्याची, धक्का आला तर कुठं उभं राहायचं, मुलांनी वर्गातून कसं बाहेर पडायचं, हे ठाऊक झालं की भीती संपत नाही, पण तिला आकार येतो. कपाळामागच्या त्या विचारी भागाला करण्यासारखं काही मिळतं. रुग्णाच्या नातेवाइकांना तासन्‌तास बाकावर बसवून ठेवणाऱ्या प्रत्येक रुग्णालयानं हे समजून घ्यायला हवं. दर दोन तासांनी कुणी बाहेर येऊन ‘अजून काही बदल नाही, पुढची तपासणी चार वाजता’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो. गोड खोटं सांगून मात्र पडत नाही. ज्याला खोटं सांगितलं जातंय याचा वास येतो, त्याची शक्यता पुन्हा निम्मी-निम्मी होते.

धसक्याला माहितीचा उपयोग नाही. जे झालं ते त्याला पुरेपूर माहीत आहे. एके काळी मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून ‘काय पाहिलंत ते बोला, मन मोकळं करा’ असं करण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत जोरात होती. तिच्यावरचे अभ्यास २००२ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा एकदाच घेतलेल्या बैठकीनं पुढचा विकार टळत नाही आणि काहींना त्रास वाढण्याचीही शक्यता आहे, असं दिसलं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं संकटातल्या मानसिक प्रथमोपचारांची जी पुस्तिका काढली, तिच्यात भर आहे तो सुरक्षित जागा, पाणी, घोंगडी, घरच्यांशी संपर्क, आणि बोलावंसं वाटलं तर ऐकणारं माणूस यांवर. बोलायला भाग पाडू नये, असं ती बजावते. आपल्याकडे मृत्यू झालेल्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भात घेऊन येतात आणि नुसते शेजारी बसून राहतात. कुणी तपशील विचारत नाही. या रीतीत फार मोठं शहाणपण आहे आणि ते फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांनी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

धसका चित्राच्या रूपात राहतो, याचा एक वेगळाच पुरावा एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दिला. भीषण दृश्यांची फिल्म दाखवल्यानंतर अर्ध्या तासानं काहींना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ खेळायला लावला. त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं अचानक डोळ्यांपुढे येण्याचं प्रमाण न खेळणाऱ्यांपेक्षा कमी राहिलं. फिल्ममध्ये काय होतं ते मात्र त्यांना नीट आठवत होतं. आकार फिरवण्यात गुंतलेल्या मेंदूला त्याच वेळी ती चित्रं पक्की करायला जागा उरत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. पुढे अपघातातून वाचून रुग्णालयात आलेल्यांवरही असे प्रयोग झाले.

आणि इथं आपल्या खिशातल्या फोनचा प्रश्न येतो. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एप्रिल २०१३ला स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्या घटनेच्या बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये तीव्र मानसिक ताणाची लक्षणं, प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. डार्विननं म्हटलेली सहानुभूती पडद्यावरूनही काम करते. धास्ती अफवेनं पसरते, धसका चित्रानं पसरतो. समृद्धी महामार्गावर अपघात झाला, दरड कोसळली, लोकल गाडीतून कुणी पडलं, की तासाभरात त्या देहांचे फोटो सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळेच्या गटांवर फिरू लागतात. पाठवणाऱ्याला वाटतं तो खबर देतोय. खबर एका ओळीत देता येते. फोटो ज्याच्यापर्यंत पोचतो, त्याच्या डोळ्यांसमोर तो अनेक रात्री येऊ शकतो, आणि त्या देहाच्या घरच्यांपर्यंतही तो कधी ना कधी पोचतोच.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. असा फोटो आला तर पुढे पाठवू नका, आणि पाठवणाऱ्याला फोन करून सांगा. घरातलं कुणी पोलिसात, रुग्णवाहिकेवर, शवागारात, बचाव पथकात असेल आणि एखाद्या दिवशी गप्प गप्प असेल, तर ‘काय पाहिलंस?’ असं विचारू नका. जेवायला वाढा, जवळ बसा. महिना उलटला तरी झोप येत नसेल, तीच दृश्यं परत परत दिसत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येतं.